रहाट, चरकी, सायकल : दातेरी चाकांचा आणि साखळ्यांचा इतिहास

एका फिरत्या दांड्याची गती दुसऱ्या दांड्यापर्यंत नेण्यासाठी माणसाने जी साधने वापरली, त्यांत दोर किंवा पट्टा, दातेरी चाक आणि साखळी ही तीन मुख्य आहेत. दोर आणि पट्टा केवळ घर्षणाच्या जोरावर चालतात, त्यामुळे भार वाढला की ते चाकावरून घसरतात आणि पहिले चाक जितके फिरले त्या हिशेबाने दुसरे फिरेलच अशी खात्री राहत नाही. दातेरी चाकाचे तसे नाही. एका चाकाचा दात समोरच्या चाकाच्या दोन दातांमधल्या खाचेत शिरूनच पुढे सरकतो. साहजिकच एकाचा एक दात पुढे गेला की दुसऱ्याचाही नेमका एकच दात पुढे जातो. १२ दातांचे चाक ३६ दातांच्या चाकाला फिरवत असेल, तर लहान चाकाचे तीन फेरे झाल्यावर मोठ्याचा एक फेरा पुरा होतो. गती तिसऱ्या हिश्शावर येते आणि घर्षणात जाणारा भाग सोडला तर फिरवण्याचा जोर तिप्पट होतो. दोन चाकांचे आस एकमेकांपासून लांब असतील, तर हीच दातांची गणती साखळी मधले अंतर ओलांडून पलीकडे पोहोचवते.

या व्यवस्थेतून दोन निरनिराळी कामे साधतात. आडव्या फेऱ्याचे उभ्या फेऱ्यात रूपांतर करणे, किंवा शेजारच्या दांड्याला उलट दिशेने फिरायला लावणे, हे पहिले काम दिशेचे आहे. दोन गतींमधले प्रमाण ठरवून ते अढळ राखणे हे दुसरे काम गणिताचे आहे. भारतीय उपखंडातील, आणि त्यात महाराष्ट्रातील, अवजड यंत्रांचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की लाकडी दातेरी चाके शतकानुशतके मुख्यतः पहिल्या कामाला जुंपलेली होती आणि दुसरे काम १९ व्या शतकात लोखंडी दातांबरोबर ऐरणीवर आले. दात ही कल्पना इथल्या सुताराला नवी नव्हती. नवी होती ती दातांच्या आकारातली आणि अंतरातली काटेकोरता, आणि तिच्यामुळे यंत्र घडवणारा, वापरणारा व दुरुस्त करणारा यांच्यातले नातेच बदलले.

प्रमाण बांधून देणारी दातेरी चाके फार प्राचीन आहेत, यात शंका नाही. १९०१ मध्ये ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ एका बुडालेल्या जहाजातून जे कांस्य यंत्र वर आले, त्याच्या उरलेल्या तुकड्यांत ३० दातेरी चाके सापडली असून ग्रहणांच्या चक्राशी जुळणाऱ्या त्यातील एका चाकाचे दात २२३ असल्याचे अभ्यासकांनी ठरवले आहे. हे यंत्र इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले आहे. पण ते आकाशाचा हिशेब करण्यासाठी होते. त्याच्या इवल्याशा त्रिकोणी दातांवर पाण्याचा, धान्याचा किंवा उसाचा भार पडणार नव्हता. अवजड काम करणारी लाकडी चाके सुताराच्या हाताखाली वाढली, हिशेबी चाके खगोलज्ञांच्या आणि पुढे घड्याळजींच्या हाताखाली. आणि या दोन परंपरा पुष्कळ काळ एकमेकींपासून दूरच राहिल्या.

उपखंडात अवजड कामाच्या दातेरी चाकांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रहाट. संस्कृत साहित्यात विहिरीवरच्या ‘अरघट्टा’चे उल्लेख आहेत, पंचतंत्रातला गंगदत्त नावाचा बेडूक अरघट्टाच्या मडक्यात बसूनच विहिरीबाहेर येतो. मात्र अरघट्ट म्हणजे दातेरी चाकांचा रहाटच, असे मानण्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. इरफान हबीब यांनी या साधनाच्या वाटचालीत तीन पायऱ्या वेगळ्या केल्या : चाकाच्या परिघावरच मडकी बांधणे ही पहिली, मडक्यांची लांब माळ चाकावरून खोल विहिरीत सोडणे ही दुसरी, आणि त्या चाकाला दातेरी चाकांची जोडी लावून जनावराच्या जोरावर ते फिरवणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी प्राचीन पुरावा दाखवता येतो. तिसरी, त्यांच्या मते, मध्ययुगात पश्चिम आशियातून आलेल्या तंत्राशी जोडलेली आहे. पश्चिम आशियात अशी यंत्रे प्रगत अवस्थेत होती, याची साक्ष अल-जझरी या अभियंत्याच्या १२०६ मधील ग्रंथातून मिळते. पाणी उपसणाऱ्या अनेक यंत्रांची दातेरी चाकांसह सचित्र वर्णने त्यात आहेत.

१६ व्या शतकापर्यंत पंजाबात हा रहाट रुळला होता. बाबराने आपल्या आत्मवृत्तात लाहोर, दिपालपूर आणि सरहिंद या भागांतील विहिरींवरच्या यंत्राची रचना क्रमवार सांगितली आहे : विहिरीच्या खोलीइतक्या लांबीचे दोन दोरांचे फेर, त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना बांधलेली मडकी, ही माळ ज्यावरून फिरते ते चाक, त्याच्याच आसावरचे दुसरे चाक आणि त्या दुसऱ्याच्या दातांत दात अडकवून फिरणारे, उभ्या आसावरचे व बैलाने ओढायचे तिसरे चाक. आग्रा आणि बयाना या बाजूला मात्र कातडी पोहऱ्याने पाणी काढतात, हेही त्याने नोंदवले आहे. जनावर जमिनीवर गोल फिरते, म्हणजे त्याचा फेरा आडवा असतो; विहिरीवरचे चाक उभे फिरावे लागते. या दोन प्रतलांमधला काटकोन ओलांडणे हेच रहाटाच्या दातांचे खरे काम होते, आणि फेऱ्यांचे प्रमाण काय पडते याला फारसे महत्त्व नव्हते.

रहाटाची जोडणी जवळून पाहिली तर तिच्यातला शहाणपणा ध्यानात येतो. आडवे चाक पुष्कळदा पिंजऱ्यासारखे असते, म्हणजे एकावर एक अशा दोन लाकडी वळ्यांमध्ये ठरावीक अंतरावर उभे दांडे ठोकलेले असतात. उभ्या चाकाच्या परिघावर लाकडी खुंट्या बसवलेल्या असतात आणि पिंजरा फिरू लागला की त्याचे दांडे एकेका खुंटीला पुढे ढकलतात. उभ्या चाकाचा आस जनावराच्या वाटेखालून, जमिनीत पुरलेल्या स्थितीत विहिरीपर्यंत जातो. त्यामुळे जनावराला दर फेऱ्याला तो ओलांडावा लागत नाही. खुंटी मोडली तर तेवढीच उपटून नवी ठोकायची, चाक बदलायचे कारण नाही. याखेरीज या रचनेत एक खिट्टी असते. भरलेल्या मडक्यांची बाजू रिकाम्या बाजूपेक्षा कितीतरी जड असल्याने जनावर सोडताक्षणी माळ उलटी धावेल आणि जूं मागे फिरून जनावराला किंवा माणसाला लागेल, हा धोका टाळण्यासाठी ही लाकडी खिट्टी दातांवर टेकवून ठेवलेली असते; पुढे जाताना ती दातांवरून टकटक उडत राहते आणि उलट्या दिशेला मात्र दातात अडकून चाक रोखते. एकाच दिशेने फिरू देणारी ही युक्ती पुढे सायकलीच्या मागच्या चाकात पुन्हा भेटते.

महाराष्ट्रात रहाट सर्वत्र सारखा पसरला नाही, आणि याचे कारण जमिनीत आहे. कोकण किनाऱ्याच्या नारळी-पोफळीच्या आणि भाजीपाल्याच्या बागांत विहिरी उथळ असतात, पाणी रोज आणि थोडेथोडे लागते, त्यामुळे तिथे रहाट सोयीचा ठरला. देशावर काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी फार खाली जाते. माळ जितकी लांब तितकी मडकी अधिक, आणि मडकी अधिक तितका दातांवरचा भारही अधिक. अशा विहिरींवर मोटेचे, म्हणजे बैलांनी ओढायच्या कातडी पोहऱ्याचे, राज्य राहिले. मोटेला दात लागत नाहीत. धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरताना बैलांचे स्वतःचे वजनही ओढीच्या कामी येते, आणि सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेची दोरी, सैल पडताच मोट काठावरच्या थारोळ्यात आपोआप रिकामी होते. दातेरी यंत्र हाताशी असूनही ते न स्वीकारणे हा मागासलेपणा नव्हता. खोली, पाण्याचे मान आणि जनावराची ताकद यांचा मेळ घालून काढलेला तो व्यवहारी निष्कर्ष होता.

दातांचा दुसरा मोठा उपयोग दाबण्याच्या आणि पिळण्याच्या यंत्रांत झाला. कापसातून सरकी वेगळी करण्याचे काम आरंभी सपाट फळीवर एकच लाट फिरवून केले जाई, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत अशा एकेरी लाटेचे चित्रण असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यापुढची पायरी म्हणजे चरकी. तिच्यात दोन बारीक लाटा एकमेकींना जवळजवळ चिकटून, एकीवर दुसरी अशा बसवलेल्या असतात. त्या विरुद्ध दिशांना फिरू लागल्या की तंतू त्यांच्या फटीतून पलीकडे ओढले जातात आणि जाड सरकी फटीत न मावल्याने अलीकडेच गळून पडते. हाताची मूठ एकाच लाटेला असली तरी दुसरी लाट आपोआप फिरायला हवी, आणि तीही उलट्या दिशेने. लाटा इतक्या बारीक की त्यांच्या टोकांवर खुंट्यांची चाके बसवायला जागाच नाही. ही अडचण कारागिराने लाटेच्या टोकावरच तिरके, मळसूत्री आटे कोरून सोडवली. एका लाटेचे आटे उजवीकडे वळणारे तर दुसरीचे डावीकडे, म्हणजे समांतर ठेवल्यावर ते एकमेकांत बरोबर बसतात. असे तिरके दात एकामागून एक हळूहळू गुंततात आणि एक सुटण्याआधीच पुढचा पकड घेतो, म्हणून लाट धक्के न खाता फिरते. समांतर लाटांवरच्या या मळसूत्री दातांची गणना तंत्रज्ञानाचे इतिहासकार उपखंडाच्या महत्त्वाच्या देणग्यांत करतात. त्यांचा काळ आणि उगम यांवर मात्र वाद चालूच आहे.

उसाच्या चरकात तेच तत्त्व मोठ्या आकारात दिसते. देशावर गुऱ्हाळात वापरल्या जाणाऱ्या लाकडी चरकाच्या लाटा उभ्या असत आणि त्या बहुधा बाभळीच्या घट्ट लाकडाच्या असत. त्यांच्या वरच्या भागात दात कोरलेले असत. मधल्या लाटेला लांब आडवा दांडा लावून बैल गोल फिरवले की शेजारच्या लाटा उलट्या दिशेने फिरत आणि ऊस दोहोंच्या मध्ये खेचला जाई. इथे जनावराचा फेरा आणि लाटेचा फेरा दोन्ही आडवेच असल्याने काटकोन ओलांडण्याचा प्रश्न नव्हता, पण दातांवर येणारा भार रहाटापेक्षा कितीतरी जास्त होता, कारण ऊस चिरडताना लाटा एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि आटे पुरते गुंतण्याऐवजी केवळ टोकांवर घासू लागतात. लाकडी चरकात रस पुरा निघत नसे तो यामुळेच : लाटा फार घट्ट आवळल्या तर दात मोडत, सैल ठेवल्या तर चोयट्यांत रस राहून जाई. १८७० नंतरच्या दशकात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न यांनी बनवलेला लोखंडी चरक लोकप्रिय झाला आणि त्या धर्तीचे चरक देशभर पसरू लागले, त्याचे मुख्य कारण लोखंडी दात भारापुढे टिकून राहत हे होते.

लोखंडाने सोय आणली तशी एक नवी अडचणही आणली. लाकडी खुंट्यांच्या चाकात एका दाताच्या आरंभी आणि शेवटी गतीचे प्रमाण थोडे बदलत राहते, कारण दोन खुंट्यांचा स्पर्शबिंदू सरकत असतो. बैल मिनिटाला दोन-तीन फेरे घालतो तेव्हा हा फरक कोणाला जाणवत नाही, पण वाफेच्या यंत्राने मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या चाकात तोच फरक दर दाताला एक हादरा देतो. लाकूड तो थोडा पिऊन टाकते, बिडाचा दात मात्र तडकतो. दाताचा आकार कसा असावा हा प्रश्न म्हणून भूमितीचा झाला. १७ व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिलिप द ला हिर याने आणि १८ व्या शतकात लिओनार्ड ऑयलर याने त्यावर लिहिले. आज बहुतेक यंत्रांत वापरला जाणारा दात ‘इन्व्होल्यूट’ वक्राचा असतो. दंडगोलावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत गेल्यास दोऱ्याचे टोक जी वक्ररेषा काढते ती ही. या आकाराच्या दोन दातांमध्ये गतीचे प्रमाण स्पर्शाच्या आरंभापासून शेवटापर्यंत एकच राहते, आणि दोन आसांमधले अंतर किंचित कमीजास्त झाले तरी ते बिघडत नाही. असे दात हाताने कोरणे शक्य नव्हते. त्यासाठी दात पाडणारी यंत्रे लागली, आणि १८९७ मध्ये जर्मनीतील हेर्मान फाउटर याने पेटंट घेतलेल्या पद्धतीनंतर ती मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

प्रमाणाचे हे राज्य महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वांत पूर्णपणे अवतरले ते मुंबईच्या कापड गिरण्यांत. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत शहराचा मध्यभाग गिरण्यांनी भरला. गिरणीतील इंजिनाची शक्ती मजल्यामजल्यावर दोरांनी आणि पट्ट्यांनी पोहोचवली जाई. तिथे थोडी घसरण चालत असे, किंबहुना एखादे यंत्र अडकले तर पट्टा घसरून बाकीची मोडतोड टाळत असे. पण कातणाऱ्या यंत्राच्या आत पट्ट्याला जागा नव्हती. तिथे कापसाचा सैल पेळू लाटांच्या एकापुढे एक अशा जोड्यांमधून जातो; मागची जोडी सावकाश फिरते आणि पुढची जलद, त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो. इंग्लंडमध्ये लुइस पॉल याने १७३८ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले आणि रिचर्ड आर्कराइट याने ती १७६९ नंतर कारखान्यात रुजवली. पुढची लाट मागचीच्या आठपट वेगाने फिरली तर एक इंच पेळूचे आठ इंच होतात, आणि हे आठपट केवळ दातांच्या संख्येवर ठरते.

सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात याची मोजणी; २० नंबरच्या सुतापेक्षा ४० नंबरचे सूत दुप्पट बारीक असते. गिरणीत एक नंबर संपवून दुसरा घ्यायचा असेल, तर अख्खे यंत्र बदलावे लागत नाही. लाटांच्या दरम्यान असलेल्या चाकांच्या मालिकेतील एक लहान चाक काढून त्याजागी एक-दोन दात कमी किंवा जास्त असलेले चाक बसवले की ताण बदलतो, तर सुताला इंचामागे किती पीळ बसावा हे ठरवणारे चाक वेगळे असते. चरकीच्या लाटा आणि गिरणीच्या लाटा दिसायला एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, पण पहिलीत दातांनी लाटेला फक्त उलट फिरवले, दुसरीत दातांनी मालाची प्रत आणि पर्यायाने त्याची किंमत ठरवली. उघड्या दातेरी चाकांत बोटे किंवा कपड्याचा पदर सापडणे हा या वेगाचा दुसरा परिणाम होता, आणि १८८१ च्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालण्याची तरतूद केली ती याच कारणाने.

शहरातल्या गिरणीत आलेले हे गणित शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत नेण्याच्या कामात किर्लोस्करांचे नाव महत्त्वाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते आणि बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर त्यांनी जे सायकलींचे दुकान काढले, त्यावरून १८८८ हे साल किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानले जाते. सायकलींच्या विक्री-दुरुस्तीतून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची सुरुवातीची उत्पादने. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला.

कडबा कापण्याचे यंत्र आज किरकोळ वाटते, पण दातांचे दोन्ही गुण एकत्र पाहायचे तर ते उत्तम उदाहरण आहे. मोठ्या जड चाकाच्या आऱ्यांवर दोन वाकडी पाती बसवलेली असतात आणि ते चाक मुठीने फिरवले जाते. कडबा पात्यांपर्यंत सरकावा म्हणून तोंडाशी खाचा असलेल्या दोन लाटा असतात. त्या एकमेकींना दातेरी चाकांनी जोडलेल्या असल्याने विरुद्ध दिशांना फिरतात, आणि मोठ्या चाकाच्या आसाशी दुसऱ्या दातेरी जोडीने बांधलेल्या असल्याने त्यांचा वेग पात्यांच्या वेगाच्या प्रमाणातच राहतो. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात पाती दोनदा कापतात. तेवढ्यात लाटांनी दोन इंच कडबा पुढे सारला, तर कुट्टीचा तुकडा एक इंचाचा होतो. मधली जोडी बदलली की तुकड्याची लांबी बदलते. माणूस मूठ हळू फिरवो की जोराने, तुकडे सारखेच पडतात, कारण वेग त्याच्या हातात असला तरी प्रमाण दातांच्या हातात असते. अशा यंत्राचा बिडाचा दात तुटला तर खुंटी ठोकण्याचा मार्ग उरत नाही. चाकच बदलावे लागते आणि ते गावच्या सुताराकडे मिळत नाही. कारखान्याचा सुटा भाग, त्याचा क्रमांक आणि तो विकणारे तालुक्याचे दुकान ही सारी साखळी बिडाच्या दातामागून खेड्यात आली.

खऱ्याखुऱ्या साखळीचा इतिहास दातेरी चाकाला समांतर पण वेगळा आहे. रहाटाची माळ हीही एक साखळीच, परंतु ती पाणी वाहते, शक्ती वाहत नाही. शक्ती किंवा गती वाहून नेणाऱ्या साखळीचे जुने उल्लेख तुरळक आहेत : इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील बायझँटियमच्या फायलोने बाण फेकणाऱ्या यंत्रासाठी चपट्या कड्यांच्या साखळीचे वर्णन केले, आणि ११ व्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये काइफंग येथे सू सुंग याने उभारलेल्या खगोलीय घड्याळाच्या मनोऱ्यात साखळीने गती वर नेली. १८ व्या शतकात फ्रान्सच्या झाक द वोकांसोन याने तारेच्या आकड्यांची साखळी रेशमाच्या यंत्रांसाठी केली. या सर्वांची अडचण एकच होती. कडी दातावर बसताना आणि सुटताना घासते, ती झिजली की कड्यांमधले अंतर वाढते, आणि अंतर वाढले की साखळी दातांवर नीट बसत नाही.

यावरचा उपाय मँचेस्टरच्या परिसरात निघाला. जेम्स स्लेटर याने १८६४ मध्ये रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. त्याचा व्यवसाय १८७९ मध्ये हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याने तिच्यात बुश घातला. या साखळीची एक कडी सुटी करून पाहिली तर आत-बाहेर तीन थर आढळतात : बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पिन, पिनीवर सैल बसणारी आणि आतल्या पट्ट्यांत घट्ट रोवलेली बुश नावाची नळी, आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. साखळी वळते तेव्हा पिन बुशमध्ये फिरते आणि भार तिच्या संपूर्ण लांबीवर वाटला जातो. दाताला टेकतो तो रोलर, आणि तो फिरत असल्याने दातावर घासण्याऐवजी लोळतो. सायकलीच्या साखळीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येत असल्याने, ढिली पडलेली साखळी आखूड करताना कारागीर एकच कडी काढू शकत नाही. जोडी काढावी लागते, म्हणजे पूर्ण एक इंच कमी होतो, आणि त्याहून बारीक फरक मागचे चाक खाचेत पुढेमागे सरकवून करावा लागतो.

या साखळीने सायकलीचे रूपच पालटले. त्याआधीच्या उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर होते, त्यामुळे पायांच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. जलद जायचे तर चाक मोठे हवे, आणि चाक ५० ते ६० इंचांपलीकडे नेणे स्वाराच्या पायांच्या लांबीमुळे अशक्य. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीत मागचे चाक साखळीने फिरू लागले आणि ही मर्यादा संपली. पुढच्या चकतीला ४८ आणि मागच्या चकतीला १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे पावणेतीन फेरे घेते. २८ इंची चाकाच्या सायकलीसाठी हे सुमारे ६ मीटर अंतर झाले. उंच सायकलीवर तेवढेच अंतर कापायला जवळजवळ ७५ इंच व्यासाचे चाक लागले असते. दातांनी इथे चाकाच्या उंचीची जागा घेतली. त्यामुळे स्वार जमिनीजवळ आला, पडण्याची भीती घटली आणि स्त्रियांना व वयस्कांनाही हे वाहन वापरता येऊ लागले. १९ वे शतक संपता संपता मागच्या चाकावर फ्रीव्हीलही सर्रास झाले. त्याच्या आत स्प्रिंगने दातांवर टेकलेल्या लहान खिट्ट्या पुढे जाताना चाकाला पकडतात आणि पाय थांबवले तर दातांवरून टकटक उडत मागे राहतात. रहाटावर जी खिट्टी उलटा फेरा रोखत होती, तीच इथे उतारावर पायांना विश्रांती देते.

भारतात आधी इंग्लंडहून आलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत व लुधियाना येथील कारखान्यांतून निघालेल्या सायकलींनी महाराष्ट्रातील शहरे आणि निमशहरे भरली, आणि पुण्याला तर सायकलींचे शहर अशीच ओळख मिळाली. तासावर सायकल भाड्याने देणारी आणि पंक्चर काढणारी दुकाने हे या प्रसाराचे दृश्य रूप होते. तिथल्या कारागिराला भूमिती शिकवलेली नव्हती, तरीही साखळी वारंवार उतरत असेल तर केवळ साखळी बदलून भागत नाही, हे त्याला नेमके ठाऊक असे. लांबलेल्या साखळीने फ्रीव्हीलचे दात आकड्यासारखे झिजवलेले असतात आणि अर्ध्या इंचाची नवी कडी त्या झिजलेल्या खाचेत बसत नाही.

मोटारवाहनांच्या काळात दात आणि साखळी यांतली निवड अंतर आणि देखभाल पाहून होत राहिली. मोटारसायकलीत इंजिन आणि मागचे चाक यांच्यात अंतर असल्याने साखळी टिकली. इटलीत १९४६ मध्ये आलेल्या आणि पुढे परवान्याखाली पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज कारखान्यात बनलेल्या व्हेस्पा घराण्याच्या स्कूटरमध्ये इंजिन मागच्या चाकाला लागूनच ठेवले गेले, त्यामुळे गती दातेरी चाकांनीच पोहोचली आणि कपडे काळे करणारी साखळी नाहीशी झाली. शेतावर विजेचे आणि डिझेलचे पंप आल्यावर मोट आणि रहाट दोन्ही मागे पडले. उसाचे चरक राहिले, पण त्यांचे दात बंद पेटीत तेलात बुडाले.

या साऱ्या वाटचालीत दाताचा शोध कोणी लावला हा प्रश्न जितका रंगवला जातो, तितके त्याचे उत्तर उपयोगाचे ठरत नाही. रहाटाचा आणि चरकीचा उगम कुठेही असो, लाकडी दात ज्या गावात मोडला त्याच गावात दुरुस्त होत होता, आणि दोन गावांच्या चाकांचे दात एकमेकांत बसावेत अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. दिशा बदलण्यापुरते काम असताना प्रत्येक यंत्र स्वतःपुरते पूर्ण होते. प्रमाण महत्त्वाचे झाले तेव्हा दाताचा आकार आणि कडीची लांबी या गोष्टी एकट्या कारागिराच्या अखत्यारीतून निघून सर्व कारखान्यांनी मान्य केलेल्या मापात गेल्या. सुताराचे स्वातंत्र्य त्यात गेले, हे खरे. पण मेट्रिक मापे कायद्याने स्वीकारून दशके उलटलेल्या देशात सायकलीची साखळी आजही अर्ध्या इंचाची आहे, आणि एका शहरात बनलेली साखळी दुसऱ्या शहरातल्या, किंबहुना दुसऱ्या देशातल्या चकतीवर बिनतक्रार बसते, हे त्याच सामायिक मापाचे फळ आहे. लोखंडी दातांनी आणलेला सर्वांत दूरगामी बदल वेगाचा किंवा ताकदीचा नसून या सहमतीचा होता.